नाकातली गाठ, बायोप्सीचा रिपोर्ट आणि विषाणूची तपासणी: आईचा अनुभव

गंगावेशकर | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. आता आई घरात हिंडते-फिरते, देवळात जाऊन येते, म्हणून हात धजतोय.

आई ५७ वर्षांची. मिश्री नाही, तंबाखू नाही. तिची डावी नाकपुडी बंद राहायला लागली. सर्दीत दोन्ही बाजू आलटून-पालटून चोंदतात. हिची एकच, आणि ती उघडायचं नावच घेईना. सकाळी नाक शिंकरताना रुमालाला रक्ताचा पुसट डाग लागायचा. आम्ही उठायच्या आत ती रुमाल धुऊन वाळत घालायची, हे फार उशिरा कळलं. "नाकाचं हाड वाढलंय" म्हणून पाच महिने स्प्रे आणि गोळ्यांत गेले.

शेवटी एका डॉक्टरांनी दुर्बीण घातली. मी समोरच्या पडद्यावर बघत होतो. साधा पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा असतो, फिकट, आरपार उजेड जाणारा. आईच्या नाकातली गाठ तांबूस आणि मांसल होती, आणि नळीचं टोक लागताच तिच्यातून रक्त आलं. डॉक्टर बोलता बोलता थांबले.

सीटी झाला, तुकडा काढला. रिपोर्ट आला: अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, सॉलिड प्रकार. त्या रात्री मी या नावावर जे सापडेल ते वाचत बसलो. नसांच्या कडेकडेनं सरकतो, दहा-दहा वर्षांनी फुफ्फुसात निघतो. बायकोनं मोबाईल काढून घेतला तेव्हा तीन वाजले होते.

आमच्या सर्जननी एक केलं, त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. ते म्हणाले, "नाकातल्या गाठी फसव्या असतात. ब्लॉक आणि स्लाइडा मुंबईला दाखवून आणा, मग चाकू लावू." महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघालो. ब्लॉक म्हणजे मेणाचा एक चौकोन, प्लास्टिकच्या जाळीदार चकतीवर बसवलेला, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. आत नखाएवढा आईच्या नाकाचा तुकडा. मे महिना होता, मेण वितळेल म्हणून रात्रभर डबी पाण्याच्या गार बाटलीला टेकवून ठेवली होती.

बारा दिवसांनी दुसरं नाव आलं: एचपीव्हीशी संबंधित मल्टिफिनोटिपिक सायनोनेझल कार्सिनोमा. कॅन्सर तो कॅन्सरच, पण विषाणूमुळे झालेला, आणि स्वभावानं पहिल्यापेक्षा पुष्कळ सौम्य. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. पुढच्या दोन्ही तपासण्या स्वच्छ आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाकाच्या किंवा सायनसच्या कॅन्सरचा रिपोर्ट ज्यांच्या हातात आहे, त्यांनी उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा: विषाणूची थेट तपासणी झाली आहे का? आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ती नव्हती. आम्हाला विचारायचं सुचलं नसतं.

उचगाव फाटा | रविवार, रात्री १०:३५

दादा, आईंना नमस्कार सांगा. एक शंका आहे. एचपीव्ही म्हणजे बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा तोच ना? तो नाकात कुठनं आला?

स्लाइडवाली | सोमवार, सकाळी ७:१५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातच. कुणाचा रिपोर्ट इथं बघून निदान सांगणार नाही, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते.

हो, विषाणू तोच. त्याचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि त्यातले थोडेच कॅन्सर करणारे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्याच्यामुळे होतो हे दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ सालचं नोबेल मिळालं. नंतर टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी तो सापडला. नाकाकडे लक्ष फार उशिरा गेलं. गंगावेशकरांच्या आईंना जो आजार झाला, त्याचं पहिलं वर्णन २०१२-१३ च्या सुमाराचं आहे, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी केलेलं. तेव्हा त्याचं नावच "अॅडेनॉइड सिस्टिकसारखा दिसणारा एचपीव्ही कार्सिनोमा" असं होतं. आताचं नाव २०१७ चं. म्हणजे आज पन्नाशीत असलेले आम्ही पॅथॉलॉजिस्ट शिकत होतो तेव्हा हा आजार पुस्तकात नव्हताच. पहिला रिपोर्ट देणाऱ्यानं हयगय केली असं मला वाटत नाही. मीसुद्धा कदाचित तेच लिहिलं असतं.

का, ते सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हीत पेशींचे गठ्ठे, मध्येच चाळणीसारखी गोल भोकं. दोन्हीत दोन जातींच्या पेशी, आतल्या नळीच्या आणि बाहेरच्या स्नायूसदृश. रंग लावून तपासणी केली, ज्याला आम्ही आयएचसी म्हणतो, तरी दोन्हींचा निकाल जवळपास सारखा. उलट विषाणूवाली गाठ जास्त भीषण दिसते. पेशी दाटीवाटीच्या, भराभर दुभंगणाऱ्या, मध्ये मेलेले भाग. दिसायला उग्र आणि वागायला सौम्य, अशी ही गाठ आहे. स्लाइड बघून तिच्याबद्दल अंदाज बांधला की चुकतो.

तरी दोन खुणा आहेत. एक म्हणजे गाठीवरचं नाकाचं अस्तर. विषाणूवाल्या गाठीत बऱ्याचदा ते अस्तरही बिघडलेलं असतं, कारण विषाणू तिथूनच शिरलेला. अॅडेनॉइड सिस्टिक खालच्या ग्रंथींतून उगवतो, वरचं अस्तर निरोगी राहतं. पण बायोप्सीच्या इवल्याशा तुकड्यात अस्तर आलंच नाही तर ही खूण हातची जाते. दुसरी खूण जनुकांची. अॅडेनॉइड सिस्टिकमध्ये पुष्कळदा ६ आणि ९ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना चिकटून एमवायबी नावाचं जनुक मोकाट सुटतं. विषाणूवाल्या गाठीत ही जोडणी नसते, तिथं विषाणूच सापडतो, आणि तोही बहुतेक वेळा प्रकार ३३. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये १६ आणि १८ चा बोलबाला असतो. नाकातल्या या गाठीला ३३ का आवडतो, हे कोडं मला अजून छळतं.

गंगावेशकर | सोमवार, सकाळी ८:०५

मॅडम, आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये "पी१६ पॉझिटिव्ह" असं लिहिलेलं होतं. मुंबईत मी विचारलं तर म्हणाले, तेवढ्यावर भागत नाही. ते जरा समजावून सांगाल?

स्लाइडवाली | सोमवार, दुपारी २:२०

इथंच सगळ्यात जास्त गल्लत होते.

पी१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन आहे, विषाणूचं नाही. एचपीव्ही पेशीत शिरला की ई७ नावाच्या त्याच्या प्रथिनानं आरबी हा पेशीचा ब्रेक निकामी होतो. ब्रेक लागत नाही म्हटल्यावर पेशी पी१६ चा साठा वाढवत जाते, आणि रंग लावला की तो गडद दिसतो. म्हणजे तो विषाणूचा धूर म्हणा. टॉन्सिलच्या कॅन्सरमध्ये धूर दिसला की आग आहे असं धरून चालतं, नियमावलीतही तसंच आहे. त्यामुळे हाताला ती सवय लागते. पण कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, शिवारात धूर दिसला म्हणजे गुऱ्हाळच असेल असं नाही, कुणी पाचटही पेटवलेलं असतं. नाकात तसंच आहे. आरबी दुसऱ्या कारणानं बिघडला तरी पी१६ वाढतं. अॅडेनॉइड सिस्टिकमध्येही ते दिसू शकतं. "सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड" नावाचा अतिशय जलद वाढणारा कॅन्सर आहे, त्यातही विषाणू नसताना पी१६ पॉझिटिव्ह येतं.

म्हणून विषाणूच्याच डीएनए किंवा आरएनएचा थेट शोध घ्यायचा. इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात त्याला. स्लाइडवर, गाठीच्या पेशींच्या आतच, विषाणू ठिपक्यांसारखा दिसतो. तो दिसला की वाद संपला.

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात दुसरा विषाणू निघाला होता.

२०२१ चा जून. माझ्या चुलतभावाला कोविड होऊन गेलेला, वय ४१. नाकातून घाण वास, काळ्या खपल्या, आणि एक दिवस चहा पिताना चहा नाकातून आला. टाळूला भोक पडलं होतं. त्या दिवसांत असं कुणाचं झालं की सगळ्यांच्या तोंडी एकच, काळी बुरशी. वॉर्ड तसल्याच पेशंटनी भरलेला. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी आम्ही सांगली, मिरज, बेळगाव पालथं घातलं. दोनदा सडलेलं काढून पाठवलं, दोन्ही वेळा "मेलेला पेशीसमूह, बुरशी दिसली नाही". तरी औषध बुरशीचंच चालू.

तिसऱ्यांदा एका तरुण डॉक्टर बाईंनी कडेचा जिवंत भाग खोलवर जाऊन घेतला. निघाला एनके/टी सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याच्यावर ईबर नावाची तपासणी पॉझिटिव्ह होती. नाक-टाळूच्या मधोमध सगळं पोखरत जाणाऱ्या या आजाराला पूर्वी "लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा" म्हणायचे, असं त्यांनी सांगितलं. त्याला ऑपरेशन नाही, अॅस्परजिनेज असलेली किमो आणि रेडिएशन. भाऊ आज आहे. टाळूला प्लेट बसवलीये, बोलतो, जेवतो, शेती करतो.

जे दोन महिने बुरशीच्या मागं गेले ते परत यायचे नाहीत. कुणाला दोष देत नाही. त्या महिन्यांत तिथं कोण कसं काम करत होतं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

स्लाइडवाली | सोमवार, रात्री ११:००

पंचगंगाकाठ, तुम्ही हे लिहिलंत त्याचा फार उपयोग होईल. ईबर म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूची आरएनए तपासणी. हा विषाणू १९६४ साली सापडला, आणि माणसाच्या कॅन्सरशी नातं सिद्ध झालेला तो पहिला विषाणू. आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तात तो लहानपणापासून निपचित असतो, त्यामुळे रक्तात अँटीबॉडी सापडली याला काही अर्थ नाही. गाठीच्या पेशींत सापडला तर अर्थ आहे.

नाकात तो दोन तऱ्हांनी दिसतो. एक हा लिम्फोमा. दुसरा नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या कोपऱ्यातला नॅसोफॅरिंजियल कॅन्सर, जो आपल्या देशात ईशान्येकडे, विशेषतः नागालँडमध्ये, जास्त आणि आपल्याकडे कमी. तो पुढं सरकून नाकात आला तर नाकाचाच वाटतो. ईबर पॉझिटिव्ह आणि पेशी कार्सिनोमाच्या असतील तर आम्ही सर्जनला फोन करून सांगतो, मागं नीट बघा. त्याचा मुख्य उपचार रेडिएशन आहे, चाकू नाही.

आणि सडलेल्या मध्यातला तुकडा कधीच काही बोलत नाही. कडेचा, रक्ताळणारा भागच लागतो. त्या डॉक्टर बाईंचं बरोबर होतं.

रंधा पटाशी | मंगळवार, सकाळी ६:४०

आमचं घराणं सुताराचं. वडिलांनी चाळीस वर्षं सागवान आणि शिसव घासलं, बंद शेडमध्ये, तोंडाला कधी फडकं नाही. त्यांना डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये अॅडिनोकार्सिनोमा निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, धंदा काय? मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की लाकडाची धूळ हे या कॅन्सरचं पक्कं कारण आहे, चामड्याचीही. म्हणजे आमच्या गावातले सुतार आणि चप्पल कारागीर दोघंही त्यात आले.

मॅडम, वडिलांच्या गाठीत विषाणू शोधायला हवा होता का?

स्लाइडवाली | मंगळवार, सकाळी ७:३०

नाही. तो प्रकार आतड्याच्या कॅन्सरसारखा दिसतो, त्याची ओळख वेगळी आणि पक्की आहे, विषाणूचा तिथं संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची आणि चामड्याची धूळ, दोन्ही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे ठरलेल्या यादीत घातल्या आहेत. धंदा विचारणं म्हणूनच गरजेचं. फॉर्मवर आम्हाला "नाकातील गाठ, कृपया तपासावे" एवढंच लिहून येतं. वय, धंदा, गाठ नेमकी कुठल्या भिंतीवरची, सीटीत हाड खाल्लंय का, हे कळलं तर निम्मं काम होतं.

तुमच्या शेडमध्ये आता मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र आहे ना?

रंधा पटाशी | मंगळवार, सकाळी ७:४५

मास्क आहे. यंत्र दिवाळीनंतर घेतो. आज लिहून ठेवलं.

राजारामपुरी सातवी गल्ली | मंगळवार, दुपारी १२:१०

राग मानू नका, पण एक विचारते. शेवटी ऑपरेशन आणि रेडिएशनच झालं ना? मग नाव बदलून काय साधलं? ज्यांच्याकडे मुंबईला जायला पैसे नाहीत त्यांना उगाच घोर लागायचा.

गंगावेशकर | मंगळवार, दुपारी १:३०

ताई, राग कसला. मलाही हाच प्रश्न पडला होता. आमच्यापुरतं सांगतो. पहिल्या नावानं आम्ही आईला मनातून निरोप दिला होता. धाकट्याचं लग्न घाईनं उरकायचं ठरत होतं. दुसऱ्या नावानंतर डॉक्टर म्हणाले, ही गाठ त्याच जागी पुन्हा उगवू शकते, कधी बऱ्याच वर्षांनी, म्हणून दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही. पण दूर पसरण्याचं प्रमाण कमी आणि जीव जाणं विरळ. आईनं ते ऐकलं आणि घरी येऊन पापड लाटायला काढले.

स्लाइडवाली | मंगळवार, रात्री १०:१५

प्रश्न योग्य आहे. या दोन गाठींपुरतं बोलायचं तर उपचार सारखेच, फरक पुढच्या अंदाजात आणि पाठपुराव्यात. पण नाकात नकला करणाऱ्या गाठी दोनच नाहीत. लिम्फोमा असेल तर मोठी शस्त्रक्रिया वायाच जाते. अनडिफरन्शिएटेड असेल तर पुष्कळदा आधी किमो देऊन बघतात आणि मग ठरवतात. वास घेणाऱ्या नसांच्या मुळाशी ऑलफॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा होतो, त्याचं शास्त्र निराळं. आयएनआय१ नावाचं प्रथिन हरवलेली आणखी एक जात आहे, ती २०१४ पासून ओळखता येते आणि फार आक्रमक आहे. नेहमीच्या रंगाच्या, म्हणजे एचई, स्लाइडवर यातल्या कित्येक गाठी निळ्या गोल पेशींचा नुसता पसारा दिसतात.

पैशांचं म्हणाल तर माणसानं मुंबईला जायची गरज बहुतेक वेळा नसतेच. ब्लॉक जातो. आणि ब्लॉक पेशंटचा असतो. मागितला की पावती घेऊन मिळतो, मिळाला पाहिजे.

गंगावेशकर | बुधवार, सकाळी ९:००

एक मनातलं विचारायचं राहिलंय. एचपीव्ही हे नाव कळल्यावर नात्यातल्या एका बाईनं आईचा पेला आणि टॉवेल वेगळा ठेवला. आईनं काही न बोलता तो पेला मोरीत नेऊन स्वतः घासला. दुसऱ्या एकानं वडिलांकडे असं बघितलं की ते आठ दिवस तालमीच्या कट्ट्यावर गेले नाहीत. काय उत्तर द्यायचं अशा लोकांना?

स्लाइडवाली | बुधवार, दुपारी ३:४०

वाचून वाईट वाटलं. त्यांना असं सांगा. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघून जातो. फार थोड्यांत तो ठाण मांडतो आणि त्यातून कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तो कधी आला, कुणाकडून आला हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. त्यावरून नवरा-बायकोच्या वागण्याबद्दल बोलणं हा अन्याय आहे. आणि कॅन्सर पेल्यातून, टॉवेलातून, शेजारी बसून लागत नाही. आईंचा पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत ठेवा.

राजारामपुरी सातवी गल्ली | बुधवार, सायंकाळी ५:०५

माझी शंका फिटली, धन्यवाद. मुलगी बारा वर्षांची आहे. लसीत हा ३३ नंबर येतो का?

स्लाइडवाली | बुधवार, सायंकाळी ६:३०

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. नऊ प्रकारांवरच्या गार्डासिलमध्ये ३३ आहे. पण नाकाच्या या दुर्मीळ गाठीसाठी म्हणून लस निवडू नका. लस द्यायची ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, आणि त्याचे मोठे गुन्हेगार १६ आणि १८ दोन्ही लसींत आहेत. बारा हे वय उत्तम आहे, उशीर करू नका.

उचगाव फाटा | गुरुवार, रात्री ८:२०

मॅडम, आता माझी पाळी आली. सासऱ्यांच्या उजव्या नाकातनं रक्त येतंय, सीटीत गाठ दिसलीय, शनिवारी तुकडा काढणार हाईत. हा धागा वाचला नसता तर नुसतं सही करून बसलो असतो. काय सांगू डॉक्टरांना?

स्लाइडवाली | गुरुवार, रात्री ९:००

घाबरू नका, नाकातली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. इन्व्हर्टेड पॅपिलोमासारख्या साध्या गाठीही असतात, मुळापासून काढाव्या लागतात एवढंच.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, ती सहसा कुणी सांगत नाही. नाकातल्या तुकड्यात हाडाच्या कपच्या येतात. हाड कापता येत नाही म्हणून लॅबमध्ये ते आम्लात भिजवून मऊ करतात. त्या आम्लात डीएनए आणि आरएनए खराब होतात, मग विषाणूची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सर्जनना नम्रपणे विनंती करा की मऊ भाग वेगळ्या बाटलीत द्या, हाड वेगळ्या. दोन्हीत फॉर्मॅलिन, भरपूर. सलाईनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी आणलेला तुकडा माझ्याकडे आलाय, तो सडलेला होता आणि त्या पेशंटला पुन्हा टेबलावर जावं लागलं. शक्य असेल तर वरच्या अस्तरासकट तुकडा घ्या म्हणावं. फॉर्मवर सासऱ्यांचा धंदा लिहा. काय करतात ते?

उचगाव फाटा | गुरुवार, रात्री ९:१०

फौंड्रीत होते, आता रिटायर. लिहितो.

उचगाव फाटा | शनिवार, दुपारी ४:५०

झालं. दोन बाटल्या दिल्या. एकीवर "मऊ" आणि एकीवर "हाड" असं डॉक्टरांनी स्वतः मार्करनं लिहिलं, म्हणाले बरं झालं बोललात. दोन्ही मीच लॅबमध्ये पोचवल्या, सव्वाबाराला. रिपोर्टला आठ-दहा दिवस म्हणालेत. सासरे शुद्धीवर आहेत, नाकात पट्टी आहे, तांबडा रस्सा कधी मिळणार विचारतायत.

गंगावेशकर | शनिवार, सायंकाळी ५:२०

पट्टी निघाल्यावर दोन दिवस तरी गरम-तिखट नको, रक्त येतं. आईला आम्ही कोमट पेज दिली होती. रिपोर्ट आला की इथंच कळवा, मी रोज बघतोय.